उत्तेजनार्थ

वाटी अजून आहे.
स्टीलची, एका बाजूने चेपलेली,
काठाखाली मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं :
तान्हा पोळा. उत्तेजनार्थ.
रात्री तिच्यात मेथीदाणे भिजत घालते,
आणि वर्ध्याच्या या दोन खोल्यांत
कुणीतरी लपलप पाणी पितं.

बोंड्या सापडला तो कापसात.
वेचा घरात येऊन पडलेला, पार आढ्यापर्यंत,
आम्ही भावंडं त्याच्यावरच झोपायचो, अंग खाजवत.
एका पहाटे गुणवंताच्या पोटाला
कापसाहून गरम काहीतरी लागलं.
पांढऱ्यात पांढरं. नाक तेवढं काळं,
सरकीएवढं.

"कुत्र्याले घरात जागा नाही," बाबा म्हणाले.
हे वाक्य ते पुढची तेरा वर्षं म्हणत राहिले,
बहुतेक वेळा
त्याच्या कानातले गोचीड काढता काढता.

मे महिन्यात खिडकीच्या कूलरखाली, जिथे ताटी ठिबकते,
तिथल्या चिखलात तो असा पसरायचा
की हळूहळू त्याच्या आकाराचा खड्डाच झाला,
पाठीकडे गोल, पायांकडे उतरता.
मोहफुलं खाऊन एकदा झिंगला
आणि देवकाबाईच्या ज्या बकरीवर रोज भुंकायचा
तिच्याच शेजारी बसून राहिला दिवस बुडेपर्यंत,
दोघं एकाच दिशेला बघत.
तुरीत रानडुकरं शिरली त्या रात्री
डावा कान फाडून घेऊन आला.
बाबा हळद भरत होते, टॉर्च माझ्या हातात.
"सरळ धर वं," ते ओरडले.
टॉर्च सरळच होता.
हलत होता त्यांचा हात.

पण सांगायचं होतं ते वाटीचं.

मी सहावीत. गुणवंताच्या लाकडी बैलाचं चाक निघालेलं,
माझ्याकडे तर बैलच नव्हता.
"पोरीले कायले पाह्यजे बैल?" चिंधूमावशी म्हणाली.
मग मी बोंड्याच सजवला.
पाठीवर मायच्या लुगड्याची झूल, कपाळाला बेगड,
गळ्यात घुंगरं, आणि शिंगं म्हणून
दोन भेंड्या, सुतळीने बांधलेल्या.
त्यातली एक तोरणाखाली पोचायच्या आत
डोकं झटकून त्याने पाडली
आणि खाल्ली.
तरी एकशिंगी उभा राहिला रांगेत,
जणू त्याच्याही पायांना चाकं आहेत
आणि कुणी ओढल्याशिवाय हलायचं नाही.
"अबे, हा बैल भुंकते का?"
सगळी शाळा हसली.
बोरकर गुरुजी हसले नाहीत. नाव विचारलं,
वहीत लिहिलं : बैल, बोंड्या. रंग, पांढरा.

तेवढ्यात पानठेल्यामागून शीळ आली.
दोन बोटं तोंडात घालून मारलेली, लांब,
शेताच्या धुऱ्यावरून त्याला बोलवायची तीच.
बाबा कामाचं सांगून गेले होते खैरीला.
बोंड्या उधळला झुलीसकट,
तीन लाकडी बैल आडवे,
उरलेली भेंडी हवेत,
आणि पानठेल्यामागे एक माणूस
पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाचे दोन पंजे घेऊन
"हट, हट" म्हणत
हसत होता.
बाबांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.
नंतरही एकदाच, गुणवंताच्या लग्नात,
पण तेव्हा फोटोवाला सांगत होता.

तो गेला तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
बाबांचा फोन आला. एरवी माय करायची.
तूर फुलावर आली, म्हणाले. थंडी पडून राह्यली.
रोह्यांनी हरभरा खाल्ला खालच्या वावरातला.
मोटारीचं वायरिंग जळालं.
मग बराच वेळ काहीच नाही,
मला वाटलं रेंज गेली.
"बोंड्या नाही राह्यला."
कुठे पुरला, मी विचारलं.
"कूलरखाली. खड्डा होताच ना,
त्याच्याच मापाचा."

वाटी मायने राखेने घासून पिशवीत दिली,
काही न बोलता, शेवयांच्या डब्याखाली.

दर उन्हाळ्यात घरी जाते.
टाकी गळते, ताटी ठिबकते,
खिडकीखालची माती काळी, ओली.
गुणवंता म्हणतो, नवा कूलर आणू, चांगले निघाले आता.
बाबा बाजेवर, डोळे मिटून.

"ठिबकते त ठिबकू दे," म्हणतात.